उपकार, उतराई आणि उपकारस्तुती

भक्तिवाङ्मयाचा विचार करताना आमच्या टीकाकारांनी आर्ततेला जितका मान दिला तितका कृतज्ञतेला दिलेला नाही. हे समजण्यासारखे आहे. आर्ततेत नाट्य असते. देव आणि भक्त यांच्यामधील अंतर तिच्यात जाणवते, आणि अंतर असले म्हणजे काव्याला हालचालीस जागा मिळते. तुकोबा देवाशी भांडतात, त्याला बोल लावतात, तेव्हा वाचक सावध होऊन ऐकू लागतो. कृतज्ञतेचे तसे नाही. मागितलेले मिळाले, आता हात जोडावयाचे, एवढाच तिचा अर्थ सामान्यतः घेतला जातो; आणि तिचा अर्थ एवढाच असेल तर ती काव्याचा विषय न राहता शिष्टाचाराचा विषय होते. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू झाले की श्रोते पादत्राणे शोधू लागतात, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे.

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या बाबतीत हा ग्रह अधिकच दृढ झालेला दिसतो. उपासनेच्या पदांतून देवाच्या उपकारांचे वर्णन इतक्या वेळा येते की, बाहेरच्या वाचकाला तो एक ठराविक साचा वाटावा. आमचे मत निराळे आहे. कृतज्ञता हा ख्रिस्ती जीवनातील इतर गुणांसारखा एक गुण नसून त्या जीवनाची ती कसोटी आहे. आणि त्या जीवनातून निर्माण झालेल्या वाङ्मयासही तीच कसोटी लावता येते. या विवेचनासाठी आम्ही धार व देवास या माळव्यातील दोन मराठी राजधान्यांचा आधार घेणार आहोत. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचे घर म्हणून कोणी या गावांचे नाव घेणार नाही. ते घर गोमंतकात व अहमदनगराकडे. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दोन बाजू या दोन गावांत जितक्या स्पष्ट उभ्या राहिल्या तितक्या इतरत्र क्वचितच राहिल्या असतील. देवासने एका इंग्रज कादंबरीकाराला कृतज्ञतेचा उत्सव दाखविला; धारने कृतज्ञतेतील धोका दाखविला.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट आहे. मराठीत आपण 'आभार' मानतो, आणि त्या शब्दात 'भार' उघडच ऐकू येतो. उपकाराचे 'ओझे' होते, ते 'फेडावे' लागते, आणि फेडले म्हणजे मनुष्य 'उतराई' होतो. ही सारी भाषा देण्याघेण्याची, सावकारीची आहे. उपकार घेणारा ऋणको ठरतो आणि ऋण फिटेपर्यंत त्याची मान खाली असते. मानी मनुष्याला उपकार नकोसे वाटतात ते यामुळेच. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांपुढे जेव्हा ख्रिस्ती कृतज्ञतेसाठी शब्द शोधण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी 'उपकारस्तुती' हा शब्द रूढ केला. हा शब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. येथे उपकार फेडावयाचा नाही, गावयाचा आहे. ज्याची स्तुती करावयाची त्याची फेड करावयाची नसते. किंबहुना फेड शक्य नाही हे कळल्यावाचून स्तुती सुरूच होत नाही. उतराई होण्याची आशा सुटली की ओझे उतरते. ऐकताना हे उफराटे वाटते, परंतु ख्रिस्ती कृतज्ञतेचे सारे मर्म त्यात आहे, असे आम्ही समजतो.

ख्रिस्ती परंपरेने हे मर्म आपल्या उपासनेच्या मध्यभागी ठेवले आहे. प्रभुभोजनाच्या विधीला प्राचीन काळापासून जे ग्रीक नाव आहे, त्याचा अर्थच मुळी उपकारस्तुती असा होतो. त्या विधीचा प्रसंग ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या रात्री येशू धरला गेला त्या रात्री त्याने भाकर हाती घेतली आणि देवाची उपकारस्तुती केली. दुसऱ्या दिवशी क्रूस होता. म्हणजे ही स्तुती संकट टळल्यानंतरची नव्हे, संकट दारात उभे असतानाची आहे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र बंदिवासातील आहे, आणि आनंद व उपकारस्तुती यांचा उल्लेख त्यात पुनःपुन्हा येतो. हा योगायोग नव्हे. कृतज्ञता ही सुखाची पावती असती तर तुरुंगात तिला काम उरले नसते.

मराठीच्या अंगणात हा विचार पहिल्यांदा ठामपणे आणला तो फादर स्टीफन्स यांनी. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेजुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. स्टीफन्स ज्या संघाचे होते त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात नित्याच्या आत्मपरीक्षणाची रीत सांगितली आहे. तिची पहिली पायरी पापांची उजळणी ही नाही. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे स्तवन ही पहिली पायरी; पापांचा शोध त्यानंतर. हा क्रम मानसशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे. आपणास काय मिळाले याची आठवण न ठेवता जो आपले दोष मोजू लागतो, तो भयाने तरी ग्रासतो किंवा स्वतःचे समर्थन तरी करू लागतो. आधी उपकार आठवले तर दोष पाहण्याचे धैर्य येते, कारण दोष सापडला तरी प्रेम कमी होणार नाही अशी खात्री असते. स्टीफन्स यांच्या पुराणाची प्रसन्नता ज्यांना जाणवली आहे, त्यांना तिचे एक मूळ या नित्याच्या साधनेत शोधता येईल. पुराणाच्या आरंभी नमन करावयाचे ही आपली जुनी रीत त्यांना सहज मानवली, कारण त्यांच्या प्रार्थनेची रीतही तीच होती.

येथवर सिद्धान्त झाला. आता देवासकडे वळू.

देवास हे तुकोजी व जिवाजी या दोन पवार बंधूंनी स्थापन केलेले संस्थान. पुढे त्याच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा एकाच गावात नांदल्या, आणि १९४८ मध्ये त्या मध्यभारतात विलीन झाल्या. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे प्रथम १९१२-१३ च्या प्रवासात आले, आणि १९२१ साली काही महिने महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिले. त्या वर्षी त्यांनी देवासच्या राजवाड्यातील गोकुळाष्टमी पाहिली. तिचे वर्णन त्यांच्या पत्रांतून आले, ती पत्रे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात छापली गेली, आणि त्याच अनुभवावर 'ए पॅसेज टु इंडिया' या १९२४ च्या कादंबरीचा तिसरा भाग उभा राहिला. फॉर्स्टर हे ख्रिस्ती घरात वाढले, परंतु श्रद्धा त्यांनी तरुणपणीच सोडली होती. ज्याची स्वतःची श्रद्धा उरली नाही असा एक मनुष्य आमच्या मराठी दरबारातील भजन ऐकत बसला आहे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उत्सवातील गोंगाट व अव्यवस्था त्यांना रुचली नाही, हे त्यांनी लपविलेले नाही. तथापि महाराज वेदीपुढे नाचू लागले तेव्हा त्या दृश्यास उपमा देताना त्यांना आठवला तो कराराच्या कोशापुढे नाचणारा दावीद राजा. बायबलातील ती प्रतिमा श्रद्धेबरोबर गेली नव्हती. देवासच्या आनंदाने ती जागी केली.

कादंबरीतील रचना आम्ही कृतज्ञतेच्या दृष्टीने पुन्हा पाहावी अशी आमची सूचना आहे. पहिल्या भागात प्राध्यापक गोडबोले हे दक्षिणी ब्राह्मण एक गीत म्हणतात. गीतातील गोपी कृष्णाला 'ये' म्हणून विनविते, आणि तो येत नाही. पुढे दुसऱ्या एखाद्या गीतात तरी तो येतो काय, असे विचारले असता गोडबोले नकार देतात. ही शुद्ध याचना आहे. तिसऱ्या भागात तेच गोडबोले जन्माष्टमीला उभे आहेत, मंडळी तुकारामाचे नाव घेऊन गात आहे, आणि मध्यरात्री देव जन्मास येतो. तेथे मागणे संपते. कोणी काही मिळविले म्हणून नव्हे, तर जो यावयाचा तो आला म्हणून सर्वजण हर्षित होतात, आणि त्या हर्षातून पक्षी, तारे, परकी माणसे यांपैकी कोणालाच वगळलेले नसते. याचनेकडून उपकारस्तुतीकडे जाणारा हा प्रवास नाताळाच्या रात्री ख्रिस्ती मनुष्य करीत असतो तोच आहे, हे निराळे सांगावयास नको. गंमत अशी की, त्या उत्सवातल्या एका फलकावर देव प्रीती आहे या अर्थाचे योहानाच्या पत्रातील वचन इंग्रजीत रंगविलेले आहे, आणि रंगविणाराने अक्षरांची उलटापालट केलेली आहे. फॉर्स्टर येथे थट्टा करीत आहेत हे खरे. पण वचन चुकीचे लिहिले गेले तरी त्याचा आशय त्या रात्री चुकलेला नाही, असेही त्यांना सुचवावयाचे असावे.

याच प्रसंगाला जोडून कादंबरीत एक फार मार्मिक धागा आहे. मिसेस मूर ही वृद्ध ख्रिस्ती बाई पहिल्या भागात खुंटीवर निजलेली एक गांधीलमाशी पाहते आणि तिच्याशी प्रेमाने बोलते. तेथून जवळच दोन मिशनरी चर्चा करतात: देवाच्या घरी माकडांना जागा असेल काय, कोल्ह्यांना असेल काय, गांधीलमाशीपर्यंत आल्यावर मात्र त्यांना अवघड वाटू लागते, कोणाला तरी बाहेर ठेवलेच पाहिजे, नाहीतर आपल्या वाट्याला काय उरणार! पुढे मिसेस मूर मारबारच्या गुहेत शिरते, तेथील प्रतिध्वनीत तिच्या धर्मातील सर्व थोर वचने एकसारखी पोकळ ऐकू येतात, आणि तिची प्रार्थनाच थांबते. तिची श्रद्धा कशाने गेली याची अनेक उत्तरे टीकाकारांनी दिली आहेत. आम्हांला असे वाटते की, गुहेत तिने गमावली ती कृतज्ञता. बाकीचे त्यामागून गेले. जगातील कोणतीच गोष्ट आपणास दिलेली आहे असे वाटेनासे झाले की सर्वच गोष्टी सारख्या होतात, आणि सारख्या गोष्टींतून प्रतिध्वनीच तेवढा निघतो. आणि मग तिसऱ्या भागात, नाचताना, गोडबोले यांच्या मनात ही बाई एकाएकी येते, तिच्यापाठोपाठ एक गांधीलमाशी येते, आणि ते दोघींनाही प्रेमाने देवाकडे लावून देतात. पुढे माशी ज्या दगडावर बसली होती त्या दगडालाही तसेच नेण्याचा ते प्रयत्न करतात आणि तेथे त्यांची शक्ती संपते. एका ख्रिस्ती बाईने सहज केलेले प्रेम तिच्याकडून हरवले, आणि मराठी भजनात ते सापडले. कृतज्ञता मनुष्याचे अंतःकरण रुंद करते, आणि ती रुंदावण्यासही मर्यादा असते, या दोन्ही गोष्टी येथे दिसतात. मिशनरींचा हिशेब आणि गोडबोले यांचा नाच यांत जो फरक आहे, तोच आभार आणि उपकारस्तुती यांत आहे.

हे वाचून कोणी म्हणेल की, ख्रिस्ती कृतज्ञतेचा गौरव करण्यासाठी निघालात आणि मिशनरींना नावे ठेवू लागलात. म्हणून आता धारकडे पाहणे अवश्य आहे.

कॅनडातील प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशन १८७७ साली इंदूरला आले आणि पुढे माळव्यात पसरले. धार येथे त्याचे काम गेल्या शतकापूर्वीच्या शेवटच्या दशकात सुरू झाले. त्या कामाशी डॉ. मार्गारेट ओहारा यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. १८९१ मध्ये किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन त्या त्याच वर्षी हिंदुस्थानात आल्या, पुढे धार हीच त्यांची कर्मभूमी झाली, आणि १९२७ मध्ये त्या मायदेशी परतल्या. 'लीफ ऑफ द लोटस' हे त्यांचे पुस्तक १९३१ चे. स्त्री-डॉक्टर ही कल्पनाच जेथे नवी होती तेथे रुग्ण स्त्रियांना त्यांनी किती मोठा दिलासा दिला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. त्यांच्या सेवेविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु अशा पुस्तकांचा जो वर्ग आहे, त्याच्याविषयी टीकाकाराने एक प्रश्न विचारला पाहिजे. मिशनचे वाङ्मय बहुधा दूरदेशीच्या देणगीदारांसाठी लिहिले जाई. देणगीदाराला आपल्या दानाचे फळ पाहावयाचे असे. त्यामुळे त्या वाङ्मयात कृतज्ञ रुग्ण, कृतज्ञ अनाथ मूल, कृतज्ञ विधवा ही पात्रे ठरलेली असतात. त्यांची कृतज्ञता देवाकडे जाते की डॉक्टरीणबाईंकडे, की सातासमुद्रापलीकडच्या मंडळींकडे, हे स्पष्ट होत नाही. १८९९-१९०० च्या ज्या दुष्काळाला लोक छपन्याचा काळ म्हणतात, त्यात माळवाही होरपळला. अशा वेळी ज्याने अन्न दिले त्याच्या धर्मात जाणे ही कृतज्ञता की किंमत, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याला केवळ विरोधकांचा आक्षेप म्हणून झटकून टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानातच आहे, असे आम्हांस वाटते. लूकाने सांगितलेल्या कथेत दहा कुष्ठरोगी बरे होतात, आणि त्यांपैकी एकच परत येऊन देवाची स्तुती करतो. तोही परका, शोमरोनी. येशू विचारतो की, बाकीचे नऊ कोठे आहेत? या कथेवरील प्रवचने बहुधा नऊ जणांच्या कृतघ्नतेवर संपतात. परंतु कथेतील न सांगितलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या नऊ जणांचा रोग परत आला नाही. आभार मानले नाहीत म्हणून दिलेले आरोग्य काढून घेतलेले नाही. दान विनाअट होते म्हणूनच त्या एकाच्या परत येण्याला मोल आहे. अट असती तर ते येणे भाडे भरण्यासारखे झाले असते. मग परत येणाऱ्याला अधिक काय मिळाले? आरोग्य दहाही जणांना मिळाले, दाता मात्र एकालाच भेटला. कृतज्ञतेचा आध्यात्मिक लाभ कोणता, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर आम्हांस दुसरीकडे आढळलेले नाही. कृतज्ञतेने वस्तू वाढत नाही. वस्तूचे रूपांतर भेटीत होते. आणि जो दाता, मग तो मिशनचा असो वा दरबाराचा, आपल्या दानाबद्दल कृतज्ञता वसूल करतो, तो घेणाऱ्याची ही भेटच हिरावून घेतो.

हे सत्य जगून दाखविणारा मराठी कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तुकारामाने बांधलेल्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. या भावनेत कृतज्ञतेचे एक सूक्ष्म रूप आहे. नव्या धर्मात आलेला मनुष्य बहुधा जुन्या घराची निंदा करून नव्या घरी आपली निष्ठा सिद्ध करतो. टिळकांना त्याची गरज भासली नाही. ख्रिस्ताचे उपकार गाण्यासाठी त्यांनी अभंगाचाच छंद घेतला, आणि त्यामुळे एका दात्याची स्तुती करताना दुसऱ्याचे ऋण आपोआप मान्य झाले. चर्चच्या 'उपासना संगीता'त परकीय चालींवरची भाषांतरे आणि टिळकांची पदे शेजारी शेजारी आहेत. भाषांतरांत उपकार आहे, पण तो बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला. टिळकांच्या पदांत तो घरच्या माणसासारखा वावरतो. त्याचे कारण शब्दकौशल्यात नाही. माय, बाप, लेकरू, पायरी, दार ही वारकऱ्यांची भाषा मुळातच उतराईची आशा सोडलेली भाषा आहे. आईचे उपकार कोणी फेडीत नाही.

आणि हीच वृत्ती व्यवहारात उतरली तेव्हा मिशनलाही ती पेलणे अवघड गेले. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोहोंनाही तीत ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येता यावे, असा त्यांचा हेतू होता. दरबार हा शब्द त्यांनी सहज निवडला नसावा. धार-देवासच्या दरबारात नजराणा न्यावा लागे आणि मानाप्रमाणे आसन मिळे. देवाच्या दरबारात नजराणा नाही व मानकरीही नाहीत. तेथे सर्वचजण देणेकरी, आणि देणे माफ झालेले. मिशनऱ्यांच्या उपकारांची जाणीव टिळकांना होतीच. परंतु मिशनविषयीची कृतज्ञता ही देवाविषयीच्या कृतज्ञतेच्या जागी बसू देता कामा नये, एवढे धैर्य त्यांना त्या दुसऱ्या कृतज्ञतेनेच दिले. धारच्या संदर्भात आम्ही जो प्रश्न उपस्थित केला त्याचे मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतः दिलेले उत्तर ते हे. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार वाढला नाही. पण उत्तराची सत्यता संस्थेच्या आयुष्यावर अवलंबून नसते.

तरीही आमच्या मते या कसोटीला सर्वांत अधिक उतरणारा ग्रंथ टिळकांचा नसून लक्ष्मीबाईंचा आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाले. त्यात उपकारस्तुतीची भाषा क्वचितच येते, आणि म्हणूनच त्याची साक्ष बलवान आहे. या ग्रंथाच्या आरंभी वडिलांचे सोवळे आहे. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्याच्या धक्क्यातून त्यांच्यावर सोवळ्याचे वेड स्वार झाले, आणि बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटू लागली. या सोवळ्याकडे टीकाकारांनी रूढीची थट्टा म्हणून पाहिले आहे. आम्ही त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहतो. सोवळे म्हणजे दुसऱ्याच्या हातून काही घेण्याची भीती. ज्याला घेताच येत नाही त्याला कृतज्ञ होता येत नाही. नवऱ्याने धर्मांतर केल्यावर लक्ष्मीबाईंनी काही वर्षे विरहात काढली, नंतर त्या त्यांच्याकडे राहावयास आल्या तरी आपला आचार त्यांनी सोडला नव्हता. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना कळून आले की, हे जातीचे भेद देवाने केलेले नाहीत. आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे त्यांच्या बाबतीत घेण्याचे स्वातंत्र्य आधी आले आणि धर्म मागून आला. बापाच्या घरी धुऊन घेतलेल्या वस्तूंपासून ते कोणाच्याही हातच्या पाण्यापर्यंत हा जो प्रवास आहे, त्याला आम्ही कृतज्ञतेचा प्रवास म्हणतो.

या प्रवासाचे फळ पुढच्या सर्व पानांवर आहे. पतीचा लहरी स्वभाव, घरातील पैशाची ओढाताण, पतीने हातातले दुसऱ्याला देऊन टाकणे, आजारपणे, मृत्यू, हे सर्व त्या सांगतात. पण हिशेब मागत नाहीत. त्यांच्या विनोदाची थोरवी सर्वांनी मान्य केली आहे. तो विनोद येतो कोठून, याचे उत्तर आम्ही असे देऊ की, ज्याला आपले आयुष्य आपल्या हक्काचे न वाटता मिळालेले वाटते, त्यालाच ते असे हसून सांगता येते. तक्रारीचा सूर हा वसुलीचा सूर असतो. लक्ष्मीबाईंचे वसूल करावयाचे काही राहिलेले नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी उतारवयात पुढे नेले, ही गोष्ट या संदर्भात आठवते. फारसे शालेय शिक्षण न झालेली ही स्त्री पतीचे महाकाव्य हाती घेते, तेव्हा ती ऋण फेडीत नसते. मिळालेला स्वर ती पुढे गात असते.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. कृतज्ञतेचा उपदेश दुबळ्यांना गप्प बसविण्यासाठी केला जातो, देवाने दिले त्यात समाधान माना असे सांगून अन्यायावर पांघरूण घातले जाते, असे अनेक विचारवंत म्हणतात. असा उपदेश होतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या वाङ्मयाचा आम्ही विचार केला त्यात कृतज्ञ माणसे गप्प बसलेली दिसत नाहीत. निसर्गाच्या दानाने हरखून जाणारा फुलामुलांचा कवी तोच 'केवढे हे क्रौर्य' लिहितो. पाखराचा जीव ही देणगी आहे असे ज्याला वाटते, त्यालाच ते मारले जाण्यातील अपराध पुरता कळतो. उपकारस्तुतीची खरी परीक्षा ही की, तिच्यामुळे मनुष्य मिंधा झाला की निर्भय झाला. मिंधेपणा आला असेल तर तेथे देवाच्या नावाखाली दुसरा कोणीतरी सावकार बसलेला आहे, असे खुशाल समजावे.

अध्यापकांच्या दृष्टीने याचा उपयोग आम्हांस असा दिसतो. शालेय व महाविद्यालयीन पाठ्यक्रमात 'स्मृतिचित्रे' किंवा टिळकांची कविता नेमली जाते, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेचा भाग आपण संकोचाने बाजूस ठेवतो आणि विनोद, निसर्ग, सुधारणा एवढेच शिकवितो. असे करण्यात सौजन्य असेल, पण वाङ्मयाचा त्यात तोटा आहे. कारण तो विनोद, ते निसर्गप्रेम आणि ती सुधारणा ही एकाच झाडाची फळे आहेत. विद्यार्थ्याने ख्रिस्ती श्रद्धा मान्य करावी असे आमचे म्हणणे नाही. फॉर्स्टर यांनीही देवासची श्रद्धा मान्य केली नव्हती. परंतु ती समजून घेण्याइतके ते तेथे बसून राहिले, आणि त्यांच्या कादंबरीला तिचा शेवटचा भाग मिळाला. तितके बसून राहण्याची तयारी आपण वर्गात दाखविली, तरी उपकारस्तुतीच्या पदांतील साचा कोणता आणि स्वर कोणता हे विद्यार्थ्यांना आपोआप ऐकू येऊ लागेल.